बोनेअर की कोझुमेल? दोघांच्या एका आठवड्याचा हिशेब

पुण्याहून दोघांनी कॅरिबियनला जायचं, आठवडाभर डायव्हिंग करायचं आणि परत यायचं, तर खर्च पाच ते साडेपाच लाखांत बसतो. ज्यांची तेवढी तयारी झाली आहे आणि आता फक्त बेट ठरायचं राहिलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. डायव्हिंगच्या ओळखीतून अशी चार-पाच जोडपी तरी विचारून गेली आणि सगळ्यांची यादी शेवटी दोन नावांवर येऊन थांबते: मेक्सिकोचं कोझुमेल, नाहीतर व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचं डच बेट बोनेअर.

आम्ही नवरा-बायको दोन्हीकडे जाऊन आलो. कोझुमेलला जानेवारी २०२३ मध्ये, बोनेअरला फेब्रुवारी २०२५ मध्ये. दोन्ही वेळा आरडी मोडून, स्वतःच्या पैशाने. आमच्या डाईव्ह फार नाहीत. सुरुवात तारकर्लीला झाली, सर्टिफिकेट अंदमानच्या हॅवलॉकला घेतलं, मग दोनदा कर्नाटकातलं नेत्राणी बेट. तेव्हा जे सांगतो आहे ते साधारण पन्नासेक डाईव्ह झालेल्या, चाळिशी ओलांडलेल्या जोडप्याच्या नजरेतून आहे. तुमचं वय, तुमची सवय वेगळी असेल तर हिशेबही थोडा वेगळा पडेल.

विमानभाड्यावर फार वेळ घालवत नाही, कारण त्यात मला मोठा फरक दिसला नाही. मुंबईहून माणशी सव्वा ते पावणेदोन लाख, तिकीट किती आधी काढता त्यावर. बोनेअरला ॲमस्टरडॅममार्गे थेट बेटावर उतरता येतं. कोझुमेलला आम्ही कानकुनला उतरलो, तिथून बसने प्लाया देल कार्मेन आणि पुढे फेरीबोट. ही फेरी पाऊण तासाची आहे, पण तीस तासांच्या प्रवासानंतर डायव्हिंगच्या दोन जड बॅगा घेऊन तिच्या फळीवरून चढणं-उतरणं जिवावर येतं. याला पैशात किंमत नाही, म्हणून सोडून देतो.

व्हिसाचा मुद्दा मात्र तिकिटाच्या आधी सोडवा. पासपोर्टवर अमेरिकेचा, कॅनडाचा, ब्रिटनचा, जपानचा किंवा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक, चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. आमच्याकडे अमेरिकेचा होता, त्यामुळे कोझुमेलच्या वेळी ते काम आयतंच झालेलं होतं. बोनेअर हा नेदरलँड्सचाच भाग असला, १० ऑक्टोबर २०१० पासून त्यांची विशेष नगरपालिका असली, तरी ते शेंगेनमध्ये येत नाही. तिथला कॅरिबियन व्हिसा वेगळा असतो. कोणाला तो लागतो आणि कोणाला सूट मिळते हे हातात आधीपासून कोणते व्हिसा आहेत त्यावर ठरतं, तेव्हा नियम वाचून मगच तिकिटाला हात घाला.

आता बेटावरचा खर्च. डॉलर ९० रुपये धरला आहे. दोघांसाठी सात रात्री. आमच्याकडे रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारा), बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट) आणि खोली-वेळ दाखवणारा डाईव्ह कॉम्प्युटर स्वतःचे आहेत, म्हणून सामानाचं भाडं धरलेलं नाही. तुमच्याकडे नसेल तर दोन्हीकडे दोघांचे मिळून ३०० ते ४०० डॉलर वर धरा. आकडे आमच्या वहीतले आहेत. कोझुमेलचे दोन वर्षं जुने होते, ते नंतरच्या चौकशीप्रमाणे वाढवून घेतले.

कोझुमेलला गावातलं साधं, स्वच्छ हॉटेल रोज ८० डॉलरला, म्हणजे आठवड्याचे ५६०. डायव्हिंग सगळं बोटीवरून. सकाळी दोन टाक्यांची, म्हणजे दोन डाईव्हची, फेरी माणशी ११० डॉलर, पाच दिवस, दोघं: ११००. बोटीवरच्या लोकांना टिप द्यायची पद्धत आहे आणि ती पाळावी. माणशी रोज १० डॉलर धरले की १००. सागरी उद्यानाचं रोजचं शुल्क दोघांचं मिळून आठवड्यात साधारण ६०. बस आणि फेरी ८०. खाणंपिणं रोज ४०, म्हणजे २८०. एकूण २१८० डॉलर, १ लाख ९६ हजार रुपये.

बोनेअरला स्वयंपाकघर असलेली खोली रोज १३० डॉलर, आठवड्याचे ९१०. तिथे बोटीची गरज नाही, पण पिकअप ट्रकशिवाय चालत नाही: रोज ७० प्रमाणे ४९० आणि पेट्रोलचे ५०. सहा दिवस हव्या तेवढ्या टाक्या भरून घ्यायचं पॅकेज माणशी २२०, दोघांचं ४४०. त्यात नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा, हेही आलं. निसर्ग शुल्क माणशी ४० डॉलर, ते वर्षभर चालतं. बेटावर येण्याचा कर माणशी ७५. म्हणजे दोन्ही मिळून दोघांचे २३०. एक दिवस बोटीने समोरच्या क्लाइन बोनेअरला गेलो, त्याचे १००. वाणसामान आणि दोन-तीनदा बाहेरचं जेवण मिळून ३१५. एकूण २५३५ डॉलर, २ लाख २८ हजार.

कागदावर कोझुमेल सरळ ३२ हजारांनी स्वस्त. २०२३ साली आम्ही ते निवडलं, त्यात या फरकाचा मोठा हात होता. मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं.

कोझुमेलचं पाणी विसरता येणार नाही. बेटाच्या पश्चिम बाजूला प्रवाळाच्या भिंती खोल निळ्यात उतरत जातात आणि त्यांच्या बाजूने प्रवाह वाहतो, बहुतेक वेळा दक्षिणेकडून उत्तरेकडे. तुम्ही फक्त तरंगत राहायचं. पाय मारावे लागत नाहीत. भिंत सरकते, सी फॅन म्हणजे पंख्यासारखी पोवळी सरकतात, एखादं कासव तुमच्याच वेगाने बाजूने चालतं. पालांकार या जागेवर पहिल्या दिवशी डाईव्ह करून वर आलो तेव्हा बायको बोटीवर बराच वेळ काही बोललीच नाही, नुसती हसत होती. असं डायव्हिंग आपल्याकडे नाही, आणि बोनेअरलाही नाही. शिवाय टाकी उचलायची नाही, सामान जोडायचं नाही, सगळं बोटीवरची माणसं करतात. गाईडला प्रत्येक कपार पाठ. ज्यांना पाण्याखाली दिशा सांभाळायची धास्ती वाटते त्यांना तिथे फार निवांत वाटेल.

आमचं बिनसलं ते तिसऱ्या दिवशी, कानामुळे.

निघण्याच्या आठवडाभर आधी पुण्यातली जानेवारीची थंडी बायकोला बाधली होती. सर्दी गेली, डॉक्टरांनी कान तपासून हरकत नाही म्हणून सांगितलं, पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सांता रोसाच्या भिंतीवर उतरायचं होतं. प्रवाहात डाईव्ह असली की वर घोटाळत बसता येत नाही, सगळ्यांनी एकदम उडी मारून पटापट खाली जायचं आणि खाली एकत्र यायचं, नाहीतर प्रवाह एकेकाला लांब नेतो. आम्ही उतरलो. पाच मीटरवर तिने हात आडवा धरून हलवला आणि बोट उजव्या कानाकडे नेलं. थोडं वर घेतलं, पुन्हा खाली. पुन्हा तेच. गाईडने आम्हाला पाहिलं, बघून खूण केली, पण त्याच्यामागे आणखी सहा जण होते आणि सगळेच वाहत होते. मिनिटभरात त्यांचे बुडबुडे निळ्यात लांब गेले. आम्ही दोघं वर आलो. बोट मागेच होती, तिने आम्हाला उचललं.

इथे डायव्हिंग करणाऱ्यांना माहीत असलेली एक गोष्ट पुन्हा सांगतो, कारण सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. पृष्ठभागावर एक वातावरणाचा दाब असतो, १० मीटरवर दोन होतो. म्हणजे कानातली हवा पहिल्या १० मीटरमध्येच निम्मी दाबली जाते. पुढच्या १० मीटरमध्ये निम्म्याची तिसऱ्या हिश्श्यावर येते. कान अडतो तो बहुतेक वेळा वरच्या या थरात, आणि त्याला हवा असतो वेळ. नाक दाबून जोर करण्यात उलटा धोका असतो, पडद्याला इजा होते. हळूहळू, गिळत, जबडा हलवत, अर्धा मीटर वर येऊन पुन्हा खाली जात तो उघडावा लागतो. प्रवाहातल्या डाईव्हमध्ये नेमका हा वेळच नसतो.

बोटीवर ती टॉवेल गुंडाळून बसली होती. नावाड्याने कलिंगडाच्या फोडी पुढे केल्या. दुसऱ्या डाईव्हची वेळ झाली तेव्हा मी म्हणालो, मीही नाही करत. त्यावर ती म्हणाली, "तू जा. दोघांचे पैसे कशाला घालवायचे?" मी गेलो. त्याच डाईव्हमध्ये गाईडने एका कपारीखाली टॉर्च धरून टोडफिश दाखवला, करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं डोकं, परांना पिवळी धार. हा मासा कोझुमेलच्या आसपासच सापडतो, आणि बायकोने पुण्यात असताना या एका माशाचं नाव काढलं होतं. मी तो बघत होतो आणि मन वर बोटीवर होतं.

संध्याकाळी सहा वाजता मी बोट ठरवलेल्या डायव्हिंगच्या दुकानात जाऊन सांगितलं की उद्याचं रद्द करा, कानाला एक दिवस विश्रांती देतो. काउंटरवरच्या मुलीला वाईट वाटलं, पण नियम असा की २४ तास आधी सांगायचं, नाहीतर पूर्ण पैसे. नियम छापलेला होता, आम्ही सही केलेली होती. त्यांची बोट, त्यांचं इंधन, आमच्या जागा अडवून ठेवलेल्या. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण दुखरा कान २४ तास आधी कळवत नाही. सकाळी सात वाजता वाफ घेऊन, गिळून बघितल्यावर कळतं की आज उघडतोय की नाही. ज्या गोष्टीचा निर्णय त्या दिवशी, त्या पाण्यात, तिसऱ्या-चौथ्या मीटरला होतो, तिचे पैसे आदल्या दिवशीच बांधलेले असणं, हेच मला तिथे सर्वांत जास्त खुपलं. नंतर वाढत गेलं ते याचंच दडपण. पाचव्या दिवशी कान बरा होता, ती उतरली, पण उतरण्याआधी ती कानाचा विचार करत नव्हती, ११० डॉलरचा करत होती. हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पैशापायी कोणी दुखऱ्या कानाने खाली जाण्याचा हट्ट केला तर ते सुट्टीपुरतं राहत नाही, पडदा फाटला तर महिनोन् महिने पाणी बंद.

घरी येऊन वही उघडली. पैसे भरलेल्या दोघांच्या मिळून वीस डाईव्ह, त्यातल्या झाल्या तेरा. तिसऱ्या दिवशीच्या तीन आणि चौथ्या दिवशीच्या चार गेल्या. आजच्या भावाने ३८५ डॉलर, म्हणजे साडेचौतीस हजार. कागदावर जे ३२ हजार वाचले होते ते सगळे त्यात गेले. बोट, टिप आणि शुल्क मिळून झालेला खर्च तेरावर वाटला तर एकेक डाईव्ह शंभर डॉलरला जाऊन भिडली.

बोनेअरची गोष्ट उलटी आहे. तिथे रस्ता किनाऱ्याला लागून जातो आणि रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड आहेत, प्रत्येकावर डाईव्हच्या जागेचं नाव. साठच्या वर जागा. ट्रकच्या मागे टाक्या टाकायच्या, दगड दिसला की थांबायचं, सामान चढवायचं आणि चालत समुद्रात. पहिल्या दिवशी नियम समजावून देतात, एक तपासणीची डाईव्ह करून घेतात, हातमोजे घालायला बंदी आहे हे बजावतात, की मग सहा दिवस तुम्ही आणि समुद्र. किनाऱ्यापासून आधी वाळूचा उथळ पट्टा लागतो, आणि साधारण १० मीटरच्या आसपास प्रवाळाचा उतार सुरू होतो. कानाला जो वेळ हवा असतो तो या पट्ट्यात फुकट मिळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'अँड्रिया दोन' या जागेला बायकोचा तोच उजवा कान पुन्हा अडला. तीन मीटरवर आम्ही वाळूवर जवळजवळ गुडघे टेकून थांबलो. मोडक्या पोवळ्यांचे पांढरे तुकडे, त्यांच्यामधून एक छोटा बॉक्सफिश चौकोनी अंगाने इकडून तिकडे. ती डोळे मिटून जबडा हलवत होती. अर्धा मीटर वर, मग खाली. मी कॉम्प्युटरकडे बघत होतो: अकरा मिनिटं गेली. मग तिने डोळे उघडले आणि अंगठा-तर्जनीची गोल खूण केली. कोणी आमची वाट बघत नव्हतं, कोणी पुढे वाहून गेलं नव्हतं. उथळ पाण्यात हवा कमी लागते, त्यामुळे पुढे पाऊण तासाची डाईव्ह झाली.

चौथ्या दिवशी दुपारी तो उघडलाच नाही. दोनदा प्रयत्न केला, परत चालत बाहेर आलो. ट्रकचं मागचं फाळकं पाडून त्यावर बसलो आणि सकाळी करून नेलेली थालिपीठं खाल्ली. भरलेल्या दोन टाक्या तशाच होत्या, त्या दुसऱ्या दिवशी सकाळी वापरल्या. या न झालेल्या डाईव्हचे आम्हाला शून्य रुपये पडले. आठवड्याअखेर माझ्या सतरा झाल्या, तिच्या तेरा. ट्रक, पेट्रोल, टाक्या, निसर्ग शुल्क आणि ती एक बोट, सगळं मिळून ११६० डॉलर. तीसने भागा, एका डाईव्हला ३९ डॉलरही पडत नाहीत.

थालिपीठावरून आठवलं. बोनेअरला हॉटेलात जेवण महाग आहे, भाज्या बाहेरून येतात त्याही महाग. पण डच वळणाची मोठी दुकानं आहेत, दही-लोणी-गौडा चीज उत्तम मिळतं, आणि नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, समुद्राचं पाणी गोडं करून पुरवतात. भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी आणि मूगडाळ-तांदूळ बरोबर नेलं, तेवढ्यावर निम्म्याहून जास्त जेवणं निघाली. कोझुमेलला उलट बाहेरचं जेवण स्वस्त आणि चविष्ट, पण पाणी विकत. बायको शाकाहारी आहे. तिथल्या घोटलेल्या बीन्समध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी असते, म्हणून 'सिन मांतेका', म्हणजे चरबीशिवाय, हे दोन शब्द आधी पाठ करून जा.

बोनेअरच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर ही वकिली होईल. भरलेली टाकी सोळा-सतरा किलोची. ती तुम्हीच उचलायची, तुम्हीच जोडायची, आणि अंगावर घेऊन पोवळ्यांच्या तुकड्यांवरून, निसरड्या दगडांवरून पाण्यात जायचं. जाड तळव्याचे बूट नसतील तर पाय सोलवटतात. 'थाउजंड स्टेप्स' या जागेला पायऱ्या जेमतेम सत्तरेक आहेत, पण डाईव्हनंतर चढताना गुडघे बोलतात. गुडघ्याचं दुखणं असेल त्याने याचा गंभीरपणे विचार करावा.

दुसरी अडचण चोरीची. ट्रकमध्ये काहीही ठेवायचं नाही, काचा उघड्या आणि दारं बिनकुलपाची ठेवायची, म्हणजे काच फोडायचं कारण उरत नाही, असं ट्रक देणारेच सांगतात. आम्ही पासपोर्ट, फोन, पाकीट खोलीवरच ठेवून निघायचो. पाणी, जुने टॉवेल आणि थालिपीठाचा डबा एवढंच ट्रकमध्ये. एकदाही काही गेलं नाही. तरी पहिले दोन दिवस पाण्याखाली असताना मन ट्रककडे जातं, हे खरं.

तिसरी आणि खरी अट अशी की बरोबर गाईड नसतो. आपल्याकडे अंदमानात, नेत्राणीला आपण कायम कोणाच्या तरी मागून जातो. बोनेअरला प्रवाह किती, हवा किती उरली, कुठे वळायचं, हे दोघांनाच ठरवायचं असतं. वाट सोपी आहे, जाताना प्रवाळ उजव्या हाताला ठेवलं तर येताना डाव्या हाताला. पण कंपासची सवय हवी, आणि एकमेकांवर विश्वास हवा. ज्यांच्या वीससुद्धा डाईव्ह झालेल्या नाहीत त्यांनी पहिले एक-दोन दिवस तिथे गाईड घ्यावा. त्याचे पैसे धरूनही गणित फारसं बिघडत नाही.

प्रवाळाच्या तब्येतीबद्दल मी दोघांत भेद करणार नाही. कठीण प्रवाळाच्या ऊती गळून पडण्याचा जो रोग २०१४ मध्ये फ्लोरिडात दिसला, तो २०१८ मध्ये मेक्सिकोच्या या किनाऱ्यावर पोचला आणि २०२३ मध्ये बोनेअरला. दोन्हीकडे मेलेले पांढरे-करडे ठोकळे दिसतात, बघून वाईट वाटतं. बोनेअरला सामान जंतुनाशकात बुडवून धुवायला सांगतात. आम्ही रोज धुतलं. तुम्हीही धुवा.

सुट्टी कधी मिळते यावरही थोडं अवलंबून आहे. आपल्याकडे बहुतेकांना दिवाळीला जमतं. कॅरिबियनचा वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. कोझुमेल त्या वाटेवर येतं, ऑक्टोबर २००५ मध्ये विल्मा तिथे थैमान घालून गेलं. बोनेअर त्या पट्ट्याच्या दक्षिणेला आहे. अगदीच कधी नाही असं नाही, नोव्हेंबर १९९९ मध्ये लेनी या उलट्या दिशेने आलेल्या वादळाच्या लाटांनी तिथल्या उथळ प्रवाळाची मोडतोड केली होती. पण दिवाळीचं तिकीट चार-पाच महिने आधी काढायचं असेल तर मला बोनेअरला धाकधूक कमी वाटेल. जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तर हा मुद्दा सोडून द्या.

दोन्ही अंदाजपत्रकांत न विसरता धरायचे खर्च: डायव्हिंगचा वेगळा विमा, कारण आपल्याकडच्या साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग वगळलेलं किंवा खोलीची मर्यादा घातलेलं असतं, तो मजकूर स्वतः वाचा. परदेशी व्यवहारावर कार्ड कंपनी लावते ते शुल्क, साधारण साडेतीन टक्के आणि वर जीएसटी. टूर कंपनीचं पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जातो, विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. सगळं स्वतः बुक करून फॉरेक्स कार्ड वापरलं तर १ एप्रिल २०२५ पासून माणशी वर्षाला १० लाखांपर्यंत तो लागत नाही. आम्ही दोन्ही वेळा स्वतःच केलं.

आणि सात रात्रींचं बुकिंग म्हणजे सात दिवस डायव्हिंग नव्हे. रोज अनेक डाईव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जावे लागतात, आम्ही २४ पाळतो. तारकर्लीला सकाळी डाईव्ह करून दुपारीच गाडी काढून घाट चढायचा नसतो, त्याच कारणाने. कोझुमेलला या शेवटच्या दिवशी आम्ही गावात फिरलो. बोनेअरला वॉशिंग्टन स्लाखबाय उद्यानात गेलो, निवडुंगाची रानं, फ्लेमिंगो, रस्त्यात आडवी येणारी गाढवं. दक्षिणेला गुलाबी मिठागरं आणि त्यांच्याकडेला गुलामांच्या बुटक्या झोपड्या आहेत. त्या बघून आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो.

तर निवड. दोघांपैकी दोघांचेही कान पक्के असतील, हातात पाचच दिवस असतील, टाकी उचलायची नसेल आणि भिंतीच्या बाजूने वाहत जाण्याचं स्वप्न असेल, तर कोझुमेलला जा, मी अडवणार नाही. फक्त पाचही दिवसांचे पैसे आधी भरू नका. पहिल्या दोन दिवसांचे भरा, पुढचं रोज ठरवा, दर थोडा जास्त पडला तरी चालेल. आणि रद्द करण्याची मुदत किती तास आधीची आहे, हे दर विचारण्याच्याही आधी विचारा. सायनसचा त्रास असलेलं कोणी असेल, किंवा एकाच्या डाईव्ह जास्त आणि दुसऱ्याच्या कमी झालेल्या असतील, तर माझ्या मते ते वरचे ३२ हजार द्यावेत आणि बोनेअरला जावं. आमच्या बाबतीत तरी ते पैसे पहिल्या अकरा मिनिटांतच वसूल झाले.

बायकोला टोडफिश अजून बघायचा आहे. त्यासाठी कधीतरी कोझुमेलला तीन दिवस काढू, तिच्या एकटीसाठी गाईड घेऊन, कमी प्रवाहाच्या, उथळ जागेवर. त्याची आरडी या महिन्यापासून सुरू केली आहे.